ताईने बघितलेल्या मीटिंगा

ताई मीटिंग बघायला निघाली ती लग्नाची स्थळं बघावीत तशी. आधी फोनवर चौकशी, मग प्रत्यक्ष जाऊन जागा, माणसं, बसण्या-उठण्याची रीत बघायची, दिलेला चहा प्यायचा, गोड बोलून निघायचं आणि घरी येऊन नकार द्यायचा.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो तिचा धाकटा भाऊ. लहानपणी तिच्या शिवणाच्या डब्यातली गुंडी गिळून त्याने सगळ्या घराला पळापळ करायला लावली होती. तेव्हापासून त्याचं नाव गुंड्या पडलं ते पन्नाशीला टेकला तरी सुटलं नव्हतं. दारूचंही तसंच झालं होतं.

गुंड्या लिफ्टचा मेकॅनिक होता. लिफ्टच्या दाराला कान लावून नुसत्या आवाजावरून कुठे काय झिजलंय ते सांगायचा. पण मागच्या महिन्यात एका इमारतीत काम करता करता तो लिफ्टच्या टपावरच झोपी गेला. खालून कुणीतरी बटण दाबलं, लिफ्ट वर निघाली, आणि जोडीदाराने मेन स्विच ओढला म्हणून वरच्या तुळईच्या हातभर खाली ती थांबली. मालक स्वतः घरी आला. आरडाओरडा करेल असं ताईला वाटलं होतं, पण तो हळू आवाजात बोलला.

"हे बघ, तू मेलास तर मी चार दिवस रडेन. पण तुझ्याखाली माणसं असतात. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायला लाग, तिथल्या कुणीतरी मला सांगायला हवं की हा येतो. मग पाना हातात देईन. नाहीतर आपला राम राम."

"जाईल हो तो, नक्की जाईल. मी बघते ना," ताई म्हणाली होती.



मी बघते ना, हे ताईचं नेहमीचंच. ती रफूचं काम करायची. कोटाला पडलेलं भोक ती त्याच कापडाचे धागे काढून असं भरायची की नंतर कोटाच्या मालकालाच ते शोधत बसावं लागे. गुंड्याच्या बाबतीतही तिची सुई कायम चालू असे. तो कामावर गेला नाही की ती फोन करायची, "त्याला जरा ताप आहे." तो जिन्यात पडला तर पायरीवर पाणी सांडलेलं असायचं. त्याची बायको माहेरी निघून गेली आणि परत आली नाही, तेव्हा शेजारी सांगायला सासूचं आजारपण होतं.

तिचे नेमही पुष्कळ. पहाटे उठल्यावर कुणाशी एक शब्द बोलायच्या आत प्रार्थना. संध्याकाळी देवापाशी दिवा. आणि गुंड्याची बायको गेली त्या दिवशी त्यात एक नेम वाढला: तो दारू सोडेपर्यंत साखर तोंडात घालायची नाही. साखरेचा डबा तिने वरच्या फळीवर, मोठ्या पातेल्यामागे ढकलून दिला. गुंड्याला चहा लागतच नसे. त्याला लागायचं ते वेगळंच.

पहिली मीटिंग अगदी दाराशी होती. त्यांच्या इमारतीच्या फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे कपडे धुण्याचं दुकान. त्याच्या वरच्या खोलीत आठवड्यातून दोनदा मीटिंग भरायची. उजवीकडे तेवढ्याच अंतरावर बार होता. ताई रफूला बसायची त्या खिडकीतून दोन्ही दिसायचं. ही मीटिंग तिने वर न चढताच नाकारली, कारण जिन्याच्या तोंडाशी माणसांना या या म्हणायला उभा होता तो त्यांच्या गल्लीतला नळवाला. घरोघरी जाणारा माणूस! आज याला कळलं की उद्या सगळ्या गल्लीला. ताई रस्ता ओलांडून पुढे निघून गेली. त्यानंतर स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला तरी तिने त्याला बोलावलं नाही. खाली बादली ठेवली.

दुसरी एका प्रार्थनामंदिराच्या तळघरात होती. सुरुवातीला सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि ताईचे डोळे भरून आले. पण गुंड्या? तो म्हणायचा, "माझं आणि देवाचं सध्या बोलणं बंद आहे. आधी त्याने बोलावं." म्हणजे तीही गेली.

तिसरी इस्पितळात. ती बघून आली तेव्हा गुंड्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"कशी होती?" त्याने न वळताच विचारलं.

"बरी होती. पण तुला नाही जमायची."

"का? मानपान नीट झालं नाही?"

"चेष्टा नको करूस. पडद्यावर यकृताचं एवढं मोठं चित्र लावलं होतं. पोरगेलासा डॉक्टर, हातात काठी, आणि सगळे आपले शाळेत बसल्यासारखे. तुला काठीवाला माणूस कधी सोसला का?"

"नाही सोसला."

"मग! आणि पंखा थेट डोक्यावर. तुझी मान धरते."

गुंड्या हसला. हसता हसता खोकला. "ताई, तू मला बारमध्ये बघायला हवं होतंस. तिथे पंखासुद्धा नाहीये."

 नळाखालची बादली भरली होती, ताई ती ओतायला उठली.

चौथी मीटिंग बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, एका शाळेच्या वर्गात होती. आत पाऊल टाकताच ताईच्या मनात भरली. एकही चेहरा ओळखीचा नव्हता. मुलांचे बुटके बाक, भिंतीवर रंगवलेले हत्ती आणि आगबोटी, फळ्यावर कुणीतरी अर्धंच पुसलेलं गणित. ती मीटिंग सांभाळणाऱ्या बाईंना सगळे सिस्टर म्हणायचे. निवृत्त नर्स होत्या आणि आवाज असा की वॉर्डच्या टोकाला झोपलेला रोगी उठून बसावा. इथे कुणी नाव विचारत नव्हतं. पाळी आली की बोलायचं, नसेल बोलायचं तर "आज नुसतं ऐकते" म्हणायचं. ताई नुसतं ऐकत राहिली. एका खेपेत जागा नीट कळत नाही म्हणून पुन्हा गेली. माणसं सारखीच येतात की बदलतात ते बघायला हवं, म्हणून आणखी एकदा. खरं सांगायचं तर आता तिला स्वतःलाच तिथे जावंसं वाटायला लागलं होतं. घरी जे कुणाजवळ बोलता येत नसे ते तिथली माणसं भाजीचा भाव सांगावा तशी बोलत.

त्या दिवशी एका बस ड्रायव्हरची पाळी होती. जाडजूड, मिशाळ माणूस, मुलांच्या बाकात अडकल्यासारखा बसलेला.

"माझी आई माझ्या बाटल्या शोधायची," तो म्हणाला. "गादीखाली, पिठाच्या डब्यात, कुठे कुठे. सापडली की मोरीत ओतायची आणि दिवसभर तिचा चेहरा असा उजळलेला असायचा! मग मी काय करायचो, एका बाटलीत पाणी भरून मुद्दाम सापडेल अशी ठेवायचो. म्हटलं, म्हातारीला तेवढंच समाधान. खरी वेगळीकडेच असायची."

सगळे हसले. सिस्टर तर डोळे पुसायला लागल्या. ताईच्या डोळ्यांसमोर मात्र घरची मोरी आली. गेल्या आठवड्यात गुंड्याच्या उशीमागे सापडलेली बाटली तिने नाक दाबून, तोंड फिरवून मोरीत ओतली होती. देवाला हात जोडले होते. वास कुठे घेतला होता?

मीटिंग संपल्यावर सिस्टर चहाची किटली घेऊन तिच्याजवळ येऊन बसल्या.

"साखर?"

"नको, मी घेत नाही."

"तेच म्हणते मी. पहिल्याच दिवशी म्हणालात, नको. तेव्हाच कळलं, ही बाई पिणारी नाही."

ताई एकदम गोरीमोरी झाली. "म्हणजे?"

"अहो, दारू सोडलेल्या माणसाचा जीव गोडासाठी नुसता तडफडतो. तो ड्रायव्हर बघा, पाच चमचे घालतो, आणि ढवळून झाल्यावर तळाशी उरलेली बोटाने खातो. आमच्याकडे चहापत्ती उरते, साखर पुरत नाही." त्यांनी आवाज शक्य तेवढा खाली आणला, म्हणजे निम्म्या वर्गाला ऐकू जाईल इतका. "कोण आहे? नवरा?"

"भाऊ," ताई म्हणाली. आणि मग टाका उसवावा तसं एकेक बाहेर यायला लागलं. लिफ्ट, मालक, ताप, नळवाला, साखरेचा नेम. "मी सगळीकडे जाऊन बघतेय हो. उगाच कुठेतरी नेला आणि नाही रुचलं, तर तो पुन्हा पाऊल टाकणार नाही. म्हणून आधी मी..."

"त्याच्या वाटची साखर तुम्ही सोडली."

"हो."

"त्याच्या वाटच्या मीटिंगा तुम्ही केल्या. त्याच्या वाटची लाज तुम्ही वागवताय. आता तुम्हीच सांगा बाई, त्याला स्वतःला करायला काय शिल्लक ठेवलंत?"

ताईने मान खाली घातली. असं तिच्याशी कधी कुणी बोललं नव्हतं. तिला रागसुद्धा आला. नेम म्हणजे काय खेळ आहे? देवाला दिलेला शब्द आहे!

"नेम तुमचा आणि देवाचा, त्यात मी पडत नाही," सिस्टर म्हणाल्या, जणू तिने मोठ्याने बोलून दाखवलं होतं. "पण ही मीटिंग फक्त पिणाऱ्यांची आहे. मी तुम्हाला इतके दिवस उठवलं नाही, कारण तुम्हाला बसायची गरज दिसत होती. आता तुम्हीच सांगितल्यावर बसू देता येणार नाही. घरच्यांची वेगळी भरते, तिथे या. आणि त्याला म्हणावं, तुझं तू बघ. पटली नाही तर दुसरी. त्याची त्याला नको वाटू दे आणि त्याची त्यालाच हवी वाटू दे."

परतीच्या बसमध्ये ताईला आपल्याला घराबाहेर काढल्यासारखं वाटत होतं. किती प्रेमाने काढलं होतं, तरी काढलंच होतं.

घरी आली तर दार नुसतं लोटलेलं. गुंड्याची खाट रिकामी. आणि दारामागच्या खुंटीवर महिनाभर लटकलेली त्याची हत्यारांची पिशवी नव्हती.

 प्यायलेला असताना हा कामावर गेला? कुठल्या लिफ्टवर चढला? तिने मालकाला फोन लावला. कधी नव्हे ते तिला ताप आठवला नाही.

"गुंड्या तिकडे आलाय का?"

"इकडे? नाही. का, काय झालं?"

"तो पिशवी घेऊन गेलाय. आणि तो... तो पितोय. रोज पितोय. मी मीटिंगला जाईल म्हणाले होते, तो एकाही मीटिंगला गेलेला नाही."

 "बरं झालं सांगितलंत. मी चालू कामांवर सगळीकडे फोन करतो. कुणी त्याला वर चढू देणार नाही."

ती तशीच खाली धावली. बारच्या दारात आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली. आतल्या अंधारात डोळे फाडून बघितलं. तो नव्हता. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. दम लागला म्हणून धुलाईच्या दुकानाच्या भिंतीला टेकली, तर जिन्याच्या पहिल्या वळणावर ती पिशवी दिसली. खाकी, एका कोपऱ्याला तिनेच केलेल्या रफूची. रफू दिसत नव्हता, पण तिला ठाऊक होता.

ती जिन्यावर चढणार तोच वरून नळवाला उतरला.

"ताई, थांबा. आज बंद मीटिंग आहे, फक्त पिणाऱ्यांची."

"तो वर आहे?"

"आहे."

"तुम्ही नेलंत त्याला?"

"मी कुठला नेतोय. तुमच्या खालच्या आजींच्या छताला ओल आली, त्यांनी मला पाठवलं. दार त्याने उघडलं. म्हणाला, वायसर माझ्याकडे आहे पण हात थरथरतोय, तूच बसव. मी बसवला. तो माझ्या हाताकडेच बघत होता. मग विचारलंन, तुझाही हात हलायचा ना रे, कधीपासून थांबला? म्हटलं, चल दाखवतो."

"आणि पिशवी?"

नळवाला जरासा हसला. "मीही विचारलं, पिशवी कशाला? तर म्हणाला, गल्लीत कुणी बघितलं तर कामाला चाललोय असं वाटू दे. ताईला खाली मान घालायला लागू नये."

ताईने पदराचं टोक तोंडाशी धरलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"ताई, तुम्ही वर्षानुवर्षं त्याला ताप आणताय. एवढा ताप खरंच असता तर माणूस उरला असता का? सगळ्या गल्लीला माहितेय. तुम्ही सांगत होतात म्हणून आम्ही ऐकत होतो."

वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताईने एक पाय पायरीवर ठेवला.

"त्याने सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

"वर बिस्किटं आहेत."

"त्याला पंख्याखाली बसवू नका, मान धरते."

"ताई."

"आणि तो प्यायलेला असेल हो. तसाच बसलाय?"

"प्यायलेला आहे. शेवटच्या खुर्चीवर बसलाय. नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही, असं सांगितलंय. मीही पहिल्यांदा तसाच आलो होतो, वर मध्येच ओकलो होतो. तुम्ही खाली बसा."

ती दुकानात बाकावर बसली. आत ऊबदार, ओलसर हवा होती. समोरच्या यंत्राच्या काचेमागे कुणाचा तरी सदरा वर जात होता आणि खाली कोसळत होता. तिने प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला, पण ओठांवर आलं ते एवढंच: याला खाली मी आणलं नाही, वरही मी चढवलं नाही. तू बघ.

मीटिंग सुटली. गुंड्या कठड्याला धरून उतरला. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. तिला बघून थबकला.

"तू वर आली होतीस?"

"नाही."

"खरंच?"

"तुझी शप्पथ."

तो तिच्या शेजारी बसला. तोंडाला वास येत होता. "वरची जागा एकदम रद्दी आहे," तो म्हणाला. "खुर्ची मोडकी. एक माणूस तर इतका बोलतो, इतका बोलतो की दारू प्यावीशी वाटते."

एरवी ती लगेच म्हणाली असती, मग राहू दे, आपण दुसरी बघू. शब्द अगदी जिभेवर आले होते. तिने ते गिळले, त्याने लहानपणी गुंडी गिळली होती तसे.

"मी मालकांना खरं सांगितलं," ती म्हणाली.

गुंड्याने तिच्याकडे बघितलं. रागावेल असं वाटलं. पण त्याने पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"तीन दिवसांनी परत बोलावलंय. जाईन की नाही, सांगता येत नाही मला."

"बरं."

"बरं काय? तू जा म्हणणार नाहीस?"

"नाही म्हणणार."

पुढचे दोन दिवस फार वाईट गेले. पहिल्या रात्री तो पिऊन आला. दुसऱ्या दिवशी प्यायला नाही, तर थरथर कापत, उलट्या करत पडला. ताई घाबरली, डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी गोळ्या दिल्या, लक्ष ठेवायला सांगितलं. एवढं तिने केलं. उशीमागे मात्र हात घातला नाही. ती सुईत दोरा ओवायची आणि तो तसाच राहायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायला आली, तसा गुंड्या उठून बसला. तोंड धुतलं. दाराशी जाऊन एक बूट घातला, मग काढला. मग पुन्हा घातला. ताई एका कोटाच्या बाहीवर वाकली होती. अजून दिवेलागणी झाली नव्हती, पण तिला धागा दिसत नव्हता.

"पिशवी नेऊ का?" त्याने विचारलं.

"तुझी तू ठरव."

 मग पिशवी खुंटीवर परत अडकवल्याचा आवाज आला, दार वाजलं, आणि जिन्यात त्याची पावलं उतरायला लागली, मध्ये थांबली, पुन्हा उतरायला लागली. फाटक करकरलं. तिथून डावीकडे धुलाईचं दुकान, उजवीकडे बार. खिडकीतून दोन्ही दिसायचं. मान वळवायचा अवकाश.

ताई उठली. स्टूल घेतलं, वरच्या फळीवरचं मोठं पातेलं बाजूला केलं आणि मागचा साखरेचा डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं. तिने ते उघडलं नाही, नेम तिचा होता आणि अजून सुटला नव्हता. डबा पुसून ओट्यावर ठेवला, त्याच्यासाठी एक कप काढून ठेवला, आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसली.